पाळणा रिकामा हवा!

दिवाळीच्या अंकात असले अभद्र शीर्षक पाहून कित्येक भगिनींच्या कपाळाला आठी पडली असेल. रिकामा पाळणा हलवू नये, तो नुसता टांगून ठेवू नये, या शिकवणीत आपण साऱ्याजणी वाढलो, मीही वाढले. तेव्हा आधीच खुलासा करून टाकते. पाळण्यात बाळ हवेच; पण बाळाखेरीज दुसरे काही नको. उशी नको, लोड नको, गोधडी नको, कापसाचा हत्ती नको. टणक आणि सपाट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली एक चादर आणि त्या चादरीवर उताणे निजलेले बाळ, एवढेच. आणि हा बिछाना आईच्या खाटेला लागून, तिचा हात सहज पोहोचेल अशा अंतरावर असावा.

एवढ्याशा गोष्टीसाठी दिवाळी अंकाची पाने कशाला अडवायची, असे कोणी विचारील. अडवायची ती अशासाठी, की ही गोष्ट साधी आहे आणि तरी आपल्या घरांतून ती होत नाही. ती होऊ न देणारी माणसे दुष्ट नसतात. ती माझ्यासारखी असतात: पंचाहत्तरी ओलांडलेली, चार बाळंतपणे पाहिलेली आणि नातवंडाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली.

गेल्या वर्षी आमच्या सूनबाईंना दिवस गेले. मी तयारीला लागले. माझ्या आईच्या दोन जुन्या नऊवारींची गोधडी शिवली. बारीक मोहरी निवडून, उन्हात वाळवून तिची उशी केली, कारण डोके गोल व्हायला हवे. दोन्ही बाजूंना लावायला चिमुकले लोड केले. पाळण्यावर टांगायला रंगीत कापडाच्या चिमण्या केल्या. हा सारा संभार मी मोठ्या हौसेने तिच्यापुढे मांडला. तिने प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहिली, गोधडीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "आई, फार सुंदर झालंय सगळं. पण बाळ झोपेल तिथे यातलं काही ठेवायचं नाही."

मला राग आला. खोटे कशाला सांगू? "आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?" हे आपले ठरलेले वाक्य माझ्या तोंडून गेलेच. ती म्हणाली, "वाढवलीत ना. तुमच्या गोधडीला मी नाही म्हणत नाही, आई. ती रात्री बाळाच्या तोंडावर जाईल, त्याला नाही म्हणतेय."

त्या रात्री मला झोप आली नाही. सुनेने नकार दिला म्हणून नव्हे. तोंडावर गेलेल्या पांघरुणाची एक जुनी आठवण मी सत्तर वर्षे मनाच्या तळाशी दाबून ठेवली होती, ती वर आली.

मी सहा वर्षांची असताना मला भाऊ झाला होता. पौषातली थंडी होती. वाड्याच्या मागच्या खोलीत आई त्याला कुशीत घेऊन, एकाच रजईत निजत असे. तो दोन महिन्यांचा होता. एके पहाटे तो उठला नाही. घरात सांगितले गेले, की दूध छातीवर चढले. शेजारणी म्हणाल्या, दृष्ट लागली. आणि माजघरात, मी झोपले आहे असे समजून, आजी आत्याला म्हणाली, "हिनेच झोपेत दडपला असेल." आईने ते ऐकले असावे. ती पुढे चाळीस वर्षे जगली. पण घरात कोणाचेही तान्हे मूल आले, की ती रात्रभर भिंतीला टेकून बसून राही. आडवी होत नसे.

माझ्या भावाला नेमके काय झाले, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण दूध, दृष्ट आणि आईची कूस या तीन आरोपींपलीकडे त्या घरात कोणी चौथा प्रश्न विचारला नाही: ते मूल निजवले कशावर होते, आणि त्याच्या तोंडाशी काय होते?

हा आरोप काही आपल्याच घरांतला नाही. बायबलात शलमोन राजाच्या न्यायाची प्रसिद्ध गोष्ट आहे. एका मुलावर दोन स्त्रिया हक्क सांगतात, ती. त्या कज्जाची सुरुवातच मुळी अशी, की एकीचे मूल रात्री तिच्या अंगाखाली सापडून दगावले होते. अठराव्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी दायांना तान्ह्या मुलावर लाकडी कमानींचा एक सांगाडा ठेवून मगच त्याला जवळ घेऊन निजावे लागे. न ठेवल्यास धर्मबहिष्काराची शिक्षा. त्याला 'आर्कुच्चो' म्हणत. पांघरूण त्या कमानींवर राही, मुलाच्या तोंडावर येत नसे. आणि दूध पाजता यावे म्हणून बाजूला एक खाच ठेवलेली असे. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे वर्णन त्याच शतकात छापून आले. मूल आईजवळ असावे पण तिच्या अंगाखाली येऊ नये, ही आजच्या खाटेशेजारच्या पाळण्याची कल्पना इतकी जुनी आहे. मग तिला 'नवीन पोरींचे खूळ' म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार?

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. धडधाकट दिसणारे तान्हे मूल झोपेतच दगावण्याचा धोका पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत मोठा असतो, आणि त्यातही पहिल्यापासून चौथ्या महिन्यापर्यंत अधिक. या वयात मुलाला मान सावरता येत नाही. तोंडावर आलेले कापड दूर करता येत नाही. पालथे मूल मऊ गादीत तोंड खुपसून निजले, की त्याने सोडलेलीच हवा पुन्हा त्याच्या नाकात जाते. मोठा माणूस अशा वेळी दचकून जागा होतो. तान्ह्या जिवाला ते जागे होणे नेहमी साधत नाही. शिवाय तो रडतही नाही, ओरडतही नाही. शेजारी निजलेल्या आईला काही कळत नाही ते यामुळेच, तिच्या निष्काळजीपणामुळे नव्हे.

"पण डॉक्टर तरी दर दहा वर्षांनी मत बदलतात!" हा पुढचा आक्षेप. बदलतात, आणि एकदा त्यांची फार मोठी चूकही झाली. अमेरिकेतल्या डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरचे पुस्तक १९४६ साली निघाले आणि जगभर घराघरांत गेले. त्याच्या १९५८ च्या आवृत्तीत मूल पालथे निजवावे, असा सल्ला होता. हेतू हा, की उलटी झाली तर घशात अडकू नये. पश्चिमेकडच्या लक्षावधी आयांनी तो श्रद्धेने पाळला. पुढे २००५ साली जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या संशोधकांनी दाखवून दिले, की पालथे निजवणे घातक असल्याचा पुरावा १९७० च्या सुमारासच हाती आला होता. तो वेळीच नीट पाहिला असता, तर ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियाकडे मिळून निदान पन्नास हजार मुले वाचली असती, असा त्यांचा अंदाज आहे. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली 'बाळाला उताणे निजवा' अशी मोहीम सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. कोणते औषध सापडले नव्हते, कोणते यंत्र निघाले नव्हते. मूल फक्त पालथ्याचे उताणे केले होते.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, की मायेने दिलेला सल्ला चुकीचा असू शकतो. दुसरी, की चूक कळल्यावर ती सोडता येते. डॉक्टरांनी आपली चूक छापून कबूल केली. आपण आज्या मात्र "आमची मुले नाही का वाढली?" याच खुंटीला लोंबकळत आहोत. अहो, जी वाढली ती बोलत आहेत. जी वाढली नाहीत, ती कुठे आहेत बोलायला? माझा भाऊ या अंकाला पत्र पाठवणार नाही.

आता आपल्या एकेका लाडक्या वस्तूचा हिशेब करू.

पहिली मोहरीची उशी. तिने डोके गोल होते, अशी समजूत. तान्ह्याला उशीच नको. मोहरीची नको, कापसाची नको, बाजारात मिळणारी खोलगट 'डोके-सुधारक' उशीही नको. उताणे निजून डोके मागे थोडे चपटे होते हे खरे. त्यावर उपाय वेगळा आहे. मूल जागे असताना, आपण समोर बसून, दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ त्याला पोटावर ठेवावे. झोपवताना मान कधी उजवीकडे, कधी डावीकडे वळवावी. मूल हालचाल करू लागले, की चपटेपणाही बहुधा कमी होत जातो. चपट्या डोक्याला वाढायला वेळ मिळतो, हे लक्षात ठेवा.

दुसरी भीती उलटीची. उताण्या मुलाने दूध काढले तर ते श्वासात जाईल, असे आपल्याला वाटते. निसर्गाने याची तजवीज करून ठेवली आहे. उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेले दूध उतारानेच पुन्हा अन्ननलिकेकडे जाते. पालथ्या मुलात हा क्रम उलटा होतो. कुशीवर निजवून पाठीला लोड लावणेही नको. लोड सरकतो आणि मूल पालथे पडते.

तिसरी गोधडी, आणि तिच्यासोबत टोपडे. बाळाला आपल्यापेक्षा फार तर एक कपडा अधिक घालावा. घरात झोपताना डोके उघडे असावे, कारण जादा उष्णता तो डोक्यावाटेच बाहेर टाकतो. त्याच्या मानेला मागून हात लावून पाहावे. घाम लागला तर कपडे जास्त झाले. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नये. दुपट्यात गुंडाळायचेच तर छातीशी सैल, कमरेखाली पाय हलतील असे, आणि उताणेच. मूल कुशीला वळू पाहते असे दिसताच तेही बंद.

चौथी झोळी. साडीची झोळी हे आपल्या कष्टकरी आयांचे मोठे आधारस्थान. तिची टिंगल करणारी मी कोण? डोळ्यांसमोर चार झोके देऊन रडे थांबवायला झोळी ठीक. पण रात्रभराची झोप तिच्यात नको. झोळीत पाठीचे कमान होते, हनुवटी छातीला टेकते आणि एवढ्याशा मानेतली हवेची वाट चिंबते. तिरक्या खुर्च्या, मोटारीतली बैठक, बाजारातले डुलणारे झोपाळे, या साऱ्यांत हाच दोष. अमेरिकेत २०२२ साली कायदा करून दहा अंशांहून अधिक तिरकी असलेली झोपवण्याची साधने आणि पाळण्याच्या कडेला बांधायचे मऊ लोड, या दोहोंच्या विक्रीला बंदी घातली गेली. आणि आपल्या दुकानांतून? बाळंतविडा म्हणून उशी, दोन लोड, रजई आणि मच्छरदाणी असा रेशमी संच खोक्यात घालून, वर फीत बांधून विकला जातो! आपण तो हौसेने घेतो. किंमत जितकी जास्त, तितकी मायाही जास्त, अशी आपली गणिते. नको असलेल्या वस्तूंचा हा ढीग आपण पैसे मोजून त्या जिवाच्या नाकाभोवती रचतो.

"मग मूल आईच्या कुशीतच निजू द्या की!" असे म्हणणाऱ्यांशी माझे अर्धे जमते. आई आणि मूल एकाच खोलीत हवे, निदान पहिले सहा महिने तरी. वेगळ्या खोलीत मूल निजवून दरवाजा लावून घेण्याचे विलायती वेड आपल्याकडे नको. जवळ असले की अंगावर पाजणे सोपे होते, आणि अंगावरचे दूध हेही या धोक्यापासून थोडे रक्षण करते. पण मोठ्यांची गादी मोठ्यांसाठी असते. ती मऊ, मध्ये खोल गेलेली. तिच्यावर रजया, उशा, दोन दमलेली माणसे आणि कधी मधले भावंड. त्यातून घरात कोणी धूम्रपान करीत असेल, दारू किंवा गुंगीचे औषध घेत असेल, किंवा मूल अपुऱ्या दिवसांचे असेल, तर धोका कितीतरी वाढतो. आणि वडीलमंडळींनो, मुलाला छातीवर घेऊन सोफ्यावर डुलकी काढण्याची तुमची सवय सर्वांत वाईट. पाजता पाजता आईलाही डोळा लागतो. ती माणूस आहे. तसे होणार असेल तर सोफ्यापेक्षा खाट बरी, आणि जाग येताच मूल त्याच्या जागी ठेवावे.

म्हणून खाटेशेजारचा पाळणा. त्याच्या तीन बाजूंना कठडा असतो. चौथी बाजू खाली करून तो आईच्या खाटेला पट्ट्यांनी जखडायचा. पण तोही डोळे मिटून घेऊ नये. सूनबाईंबरोबर मी दुकानोदुकानी हिंडले, त्या अनुभवावरून सांगते.

खाटेची उंची मोजून मगच दुकानात जावे. पाळण्याची गादी आणि आईची गादी एका पातळीत आली पाहिजे. आपले दिवाण ठेंगणे असतात, आणि पुष्कळ पाळणे तितके खाली येत नाहीत. दोन्ही गाद्यांमध्ये फट राहता कामा नये. मूल त्याच फटीत घसरते आणि अडकते. आपल्या कापसाच्या गाद्या दबतात, सरकतात. म्हणून पट्टे रोज रात्री ओढून पाहावेत आणि मधल्या जागेत हात घालून पाहावा. फट दिसली तर तिच्यात चादर कोंबण्याचा शहाणपणा नको. पाळणा पुन्हा आवळावा. पाळण्याची स्वतःची गादी त्याच्यासोबत आलेलीच वापरावी. कडेला दोन बोटे गेली तर ती लहान आहे. वर दुसरी मऊ गादी घालू नये. गज असतील तर त्यांतले अंतर सहा सेंटीमीटरांहून जास्त नको. शीतपेयाचा डबा गजांतून आत गेला, तर तो पाळणा तिथेच सोडून यावे. जाळी असेल तर ती ताणलेली असावी. मच्छरदाणी घट्ट बसवलेली, लोंबणारी दोरी एकही नको. माझ्या चिमण्याही नकोत. खाटेपासून पाळणा वेगळा केला, की चौथी बाजू वर करून खिळ लागल्याचा आवाज ऐकावा. युरोपात अशा पाळण्यांसाठी 'ईएन ११३०' हे मानक आहे. तो क्रमांक कुठे लिहिला आहे, हे दुकानदाराला बेधडक विचारावे. कोणाचा वापरलेला पाळणा आला तर प्रत्येक मळसूत्र तपासावे. कठडा वरखाली सरकणारे मोठे पाळणे अमेरिकेत २०११ पासून विकता येत नाहीत, कारण तो कठडा निखळून मुले त्यात अडकत. आणि मूल हातापायांवर उठू लागले किंवा बसू लागले, की या पाळण्याला निरोप द्यावा. तो जेमतेम पाच-सहा महिन्यांचा सोबती.

"हे सारे पैसेवाल्यांचे!" असेही ऐकू येईल. नाही. फिनलंडमध्ये १९३८ साली गरीब आयांना, आणि १९४९ पासून सर्व आयांना, सरकारने बाळाच्या कपड्यांची एक पेटी द्यायला सुरुवात केली. पेटी पुठ्ठ्याची, तळाला पातळ गादी, कित्येक मुले त्या पेटीतच निजली. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांत आईजवळ निजण्याची रीत आपल्यासारखीच. तिथल्या डॉक्टरांनी आणि विणकर स्त्रियांनी २००६ च्या सुमारास ती रीत मोडली नाही. स्थानिक झाडाच्या पातींची सपाट तळाची टोपली विणली, 'वाहाकुरा' तिचे नाव, आणि मूल तिच्यात घालून ती आईच्या बिछान्यावर ठेवली. मूल जवळच राहिले, पण पांघरुणाबाहेर. पुढे तपासणी केली तेव्हा टोपलीतली मुले वेगळ्या पाळण्यातल्या मुलांइतकीच सुखरूप निजत असल्याचे आढळले, आणि सहा महिन्यांच्या वयाला केवळ अंगावरच्या दुधावर असलेली मुले टोपलीवाल्यांत अधिक निघाली.

टोपली आपल्याला परकी आहे का? वसुदेवाने कृष्णाला नेला तो कशातून? नव्या बाळाला सुपात ठेवण्याची रीत आपल्या घरांत होतीच ना? जिथे सारे घर जमिनीवर निजते, तिथे आईच्या गादीला लागून, तिच्या रजईबाहेर, टणक आणि सपाट बिछान्याची बाळाची वेगळी जागा करायला पैसा लागत नाही. एक हात जागा लागते. ती जागा द्यायला घरातल्या थोरांचे मन मोठे लागते.

इतके सारे केले तरी मृत्यूवर पूर्ण पहारा बसवता येतो, असा दावा मी करणार नाही. काही मुले कशानेच वाचत नाहीत, आणि त्यांच्या आयांकडे बोट दाखवण्याइतके नीच काम दुसरे नाही. पण जे आपल्या हातात आहे ते आपण करत नाही, आणि जे कोणाच्या हातात नव्हते त्याचा दोष एका बाईला देतो, हे आता पुरे झाले. तुमच्या घरी बाळंतीण असेल, तर सुनेवर किंवा मुलीवर हा भार टाकू नका. तिने 'नको' म्हणण्याआधी तुम्हीच उशी काढून घ्या. बारशाला आलेल्या बायका विचारतील, "अगोबाई, बाळाला उशी नाही?" तेव्हा उत्तर सासूने द्यावे, सुनेने नव्हे.

आमच्या घरी मी दिले. बारसे थाटात झाले. नाव ठेवण्यापुरता सजवलेला पाळणाही टांगला, चिमण्यांसकट, आणि चार बायका भोवती उभ्या असताना नात त्यात तेवढा वेळ निजली. रात्री ती आपल्या रिकाम्या बिछान्यात, आईच्या हाताशी. उशीतली मोहरी मी लोणच्याला वापरली. लोणचे बरे झाले. आईच्या नऊवारींची गोधडी दुपारी जमिनीवर अंथरतो. तिच्यावर पोटावर पडून आमची चिमुरडी मान उचलते, माझ्याकडे बघते आणि धपकन नाक टेकवते. मी समोरच बसलेली असते.

यंदा नरकचतुर्दशीच्या पहाटे सारे घर उठेल तेव्हा मी आधी त्या पाळण्यात डोकावेन. मोती साबणाचा वास दरवळायच्या आत, दिवा न लावता, हात पुढे करून तिचा श्वास पाहीन. माझ्या आईने चाळीस वर्षे भिंतीला टेकून जी राखण केली, ती आता एवढीच उरली आहे. मग मी सुनेला उठवणार नाही. तिला थोडे निजू देईन.